तळटीप ३ : ‘जलाश्व’

मूळ गेलिक शब्द ‘एख-उश्क्य’. एख म्हणजे घोडा, उश्क्य म्हणजे पाणी (‘व्हिस्की’ हा शब्दही याच पाण्यातून आलेला). शब्दशः ‘पाणघोडा’ व्हायला हवे होते. पण पाणघोडा म्हटले की मराठी वाचकासमोर जबडा वासलेला हिप्पो उभा राहतो, म्हणून ‘जलाश्व’. हेब्रिडीज बेटांवरच्या समजुतीप्रमाणे तो देखणा, मोकाट घोडा होऊन तळ्याकाठी चरतो. पाठीवर बसणारा तिथेच चिकटतो, घोडा पाण्यात शिरतो, आणि मागाहून तरंगत वर येते ते फक्त यकृत. माणसाच्या रूपात आला तर केसांतली वाळू नि शेवाळ त्याला उघडे पाडते.

आपल्याकडे पाण्याचे हे भय साती आसरांच्या वाट्याला आले. विहिरीकाठचे शेंदूर फासलेले सात दगड, पुढे हिरव्या बांगड्या. विदर्भातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. ‘आसरा’ म्हणजे अप्सराच. पण त्यांतल्या पाचजणींची नावे पाहा : मत्स्यी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, मकरी. मासा, कासव, खेकडा, बेडूक, मगर. प्राण्याचे रूप इथे नावापुरते उरले, असे मला वाटते. घोडा मात्र त्यांत नाही. तो या मुलखाला परका होता म्हणावे, तर नागपूरजवळ माहुरझरीच्या शिलावर्तुळांत १९७०–७२ च्या उत्खननात तांब्याच्या अलंकारांसह घोड्यांचे अवशेष निघाले आहेत. पाण्यातली घोडी हवी असेल तर पुराणांत जावे लागते : समुद्राच्या पोटात धुमसणारा तो वडवानल, आणि वडवा म्हणजे घोडी. – संपा.