देहक्रियेतून भूमिकेकडे : मॉस्कोतील तालमींचा एक अध्याय (१९२२–१९३९)

नटाच्या मनात भाव आधी जागा होतो व देह त्याच्यामागून जातो, की देहाला विशिष्ट क्रियेत गुंतविले म्हणजे भाव आपसूक उमटतो, हा अभिनयविचारातील एक जुना वाद आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक असे चार प्रकार सांगितले असल्यामुळे, विसाव्या शतकातील देहप्रधान तालमींना ‘आंगिक अभिनय’ हे आयते नाव देण्याचा मोह आपल्याकडील अभ्यासकांना होतो. तो टाळलेला बरा. आंगिक अभिनय प्रेक्षकाच्या दिशेने अर्थ नेतो. येथे ज्या व्यायामांचा विचार करावयाचा आहे, ते प्रथम नटासाठी आहेत, प्रेक्षकासाठी नंतर.

या व्यायामांना शिस्तबद्ध रूप दिले ते व्सेवोलोद मेयरहोल्ड याने. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मॉस्को आर्ट थिएटरच्या पहिल्या नटसंचात तो होता. १९०२ मध्ये तो तेथून बाहेर पडला. क्रांतीनंतर त्याने ‘बायोमेकॅनिक्स’ नावाची शिक्षणपद्धती उभारली आणि जून १९२२ मधील एका व्याख्यानात तिची तत्त्वे मांडली. भीती वाटते म्हणून माणूस पळतो असे नसून, पळू लागतो म्हणून त्याला भीती वाटते, या विल्यम जेम्सच्या विचाराचा आधार त्याने घेतला. कारखान्यातील श्रमाचे मोजमाप करणाऱ्या टेलरचेही नाव त्याने घेतले. पण त्यातला बराच भाग त्या काळच्या हवेचा होता असे म्हणावयास हरकत नाही. पद्धतीचे खरे मर्म तिच्या पाठांत आहे.

‘दगड फेकणे’, ‘बाण सोडणे’, ‘थप्पड’, ‘खंजिराचा वार’ अशी या पाठांची नावे. हातात ना दगड असे, ना धनुष्य. प्रत्येक पाठाच्या आरंभी सर्वांगाला हेलकावा देऊन दोन टाळ्या वाजवावयाच्या. या आरंभक्रियेला ‘डॅक्टिल’ म्हणत. ही संज्ञा छंदःशास्त्रातली आहे. एक दीर्घ व दोन ऱ्हस्व, म्हणजे आपल्याकडील भगणाचीच घडण. पुढे क्रियेचे तीन टप्पे येतात. पहिल्याला रशियनमध्ये ‘ओत्काझ’, म्हणजे नकार, असे नाव आहे. उडी मारणारा आधी गुडघे वाकवितो, ठोसा मारणारा आधी हात मागे घेतो. इष्ट दिशेच्या विरुद्ध जाणारी ही हालचाल म्हणजे ओत्काझ. त्यानंतर प्रत्यक्ष क्रिया, आणि शेवटी जेथे देह क्षणभर स्थिरावतो तो बिंदू. हे पाठ जसेच्या तसे रंगभूमीवर करून दाखविण्यासाठी नव्हते. नटाचा तोल, लय व सहनटाविषयीची जाण त्यांतून घडावी, आणि या घडलेल्या देहातून पात्र उभे राहावे, अशी अपेक्षा होती. 

तिचा कस लागला तो एप्रिल १९२२ मध्ये. बेल्जियन नाटककार क्रोमलिंक याच्या ‘उदार नवरा’ अशा उपरोधिक आशयाच्या नाटकात इगोर इल्यिन्स्की, मारिया बाबानोवा व वासिली झायचिकोव्ह यांच्या प्रमुख भूमिका होत्या. लाकडी चाके, शिड्या व घसरगुंडी यांच्या मांडणीवर, निळ्या कामकरी वेषात ते वावरले. संशयाने पछाडलेला नवरा बोलत असे आणि जवळजवळ मुका असा त्याचा लेखनिक त्या बोलण्याला देहाने साथ देई. तिघांच्या हालचाली अशा एकजीव झाल्या होत्या, की त्यांच्या नावांतील आद्याक्षरे जोडून ‘इल-बा-झाय’ असा एक सामासिक शब्दच प्रचारात आला. तीन देहांनी मिळून एक पात्र उभे केल्याची याहून बोलकी साक्ष कोणती!

मेयरहोल्ड देहाचा आणि स्तानिस्लाव्हस्की मनाचा, अशी विभागणी मात्र टिकत नाही. १९३२ च्या ‘मृत आत्मे’ या प्रयोगासाठी नट वासिली तोपोर्कोव्ह चिचिकोव्हची भूमिका बसवीत असताना, त्या पात्राचे लवून नमस्कार करणे साधावे म्हणून स्तानिस्लाव्हस्कीने त्याला पाऱ्याचा एक थेंब माथ्यापासून कण्यावरून घरंगळत जात आहे अशी कल्पना करावयास लावली. अखेरच्या वर्षांत मोलिएरच्या ‘तार्त्यूफ’च्या तालमीत तर नटांना संवाद पाठ करण्याचीच मनाई होती. रंगपटाच्या खोल्या हेच ओर्गोंचे घर मानून कोण कोठे राहतो, कोणत्या दाराने येतो, घरात कोणावर संकट आले असता कोण कोठे धावतो, हे त्यांनी आधी प्रत्यक्ष वावरून ठरवावयाचे. बोलायचेच झाले तर स्वतःच्या शब्दांत. शब्द हा क्रियेचा परिपाक आहे, ही यामागील भूमिका भाषाभ्यासकालाही विचारात पाडणारी आहे. ऑगस्ट १९३८ मध्ये स्तानिस्लाव्हस्की निवर्तला. हा प्रयोग १९३९ मध्ये रंगभूमीवर आला.

तरीही तो केवळ ‘भावस्मृती’चा आचार्य म्हणून जगभर ओळखला गेला, याचे एक कारण प्रकाशनाच्या क्रमात आहे. त्याच्या विवेचनाचा अंतरंगविषयक भाग इंग्रजीत १९३६ मध्ये निघाला. देह, वाणी व लय यांविषयीचा भाग १९४९ मध्ये. मधल्या तेरा वर्षांत अर्ध्या ग्रंथावर पूर्ण मत बनले. इंग्रजीतून त्याला ओळखणाऱ्या भारतीय वाचकांच्या वाट्याला हाच क्रम आला.

जानेवारी १९३८ मध्ये सरकारने मेयरहोल्डचे नाट्यगृह बंद केले, तेव्हा स्तानिस्लाव्हस्कीने त्याला आपल्या संगीतिका-नाट्यगृहात काम दिले. हे छत्र फार दिवस लाभले नाही. जून १९३९ मध्ये मेयरहोल्डला अटक झाली. पासष्ट वर्षांच्या या वृद्धाला पालथे पाडून तळपायांवर व पाठीवर रबरी पट्ट्याने मारण्यात आले, हे त्याने तुरुंगातून मोलोतोव्हला लिहिलेल्या पत्रावरून कळते. २ फेब्रुवारी १९४० रोजी त्याला गोळी घालण्यात आली. पुढे पंधरा वर्षे, १९५५ मध्ये तो निर्दोष ठरेपर्यंत, त्याचे नाव सोव्हिएत रंगभूमीच्या इतिहासातून जवळजवळ पुसलेले होते. त्याची कागदपत्रे वाचली ती त्याचा शिष्य आयझेनस्टाईन याने ती लपवून ठेवल्यामुळे.

पाठ मात्र कागदावरून शिकता येण्यासारखे नव्हते. त्याच्या नाट्यगृहातील नट व बायोमेकॅनिक्सचा शिक्षक निकोलाय कुस्तोव्ह याच्या अंगात ते मुरलेले होते. १९७० नंतरच्या दशकात मॉस्कोतील सटायर थिएटरच्या काही तरुण नटांना त्याने ते शिकविले. गेन्नादी बोग्दानोव्ह व अलेक्सेई लेविन्स्की हे त्यांपैकी दोघे. पुढे त्यांनीच ‘बाण सोडणे’ व ‘दगड फेकणे’ हे पाठ रशियाबाहेरील नटांपर्यंत नेले.