डब्याआधीची बैठक

शेंदूरजनाघाटात संत्र्याचं कलम विकत घेणारा शेतकरी खरं तर शब्द विकत घेतो. जंबेरीच्या खुंटावर कुठल्या झाडाचा डोळा बांधलाय, हे रोपाकडे पाहून कळत नाही, आणि फळ हाती यायला पाच-सहा वर्षं जातात. तेव्हा ‘आमच्या बगीच्यात याच नर्सरीचं आहे’ असं कुणा सोयऱ्यानं सांगितलं की गाडी भरते. अशाच ओळखीच्या शब्दावर चालणारी, घरी बोलावून डबे विकण्याची रीत मला या गावात नीट उमगली.

ती रीत घडली अमेरिकेत. स्टॅन्ली होम प्रॉडक्ट्सचे विक्रेते 1930 च्या दशकातच घरगुती बैठकांत साफसफाईचं सामान दाखवत. पुढच्या दशकात अर्ल टपरनं हवाबंद झाकणाचे प्लास्टिकचे डबे काढले. ते दुकानात पडून राहिले. झाकण मधोमध दाबून, कड जराशी उचलून आतली हवा काढायची, हे फळीवरचा डबा कसं सांगणार? स्टॅन्लीचाच माल विकून तयार झालेली ब्राउनी वाइज ते हातानं दाखवायची. पाण्यानं भरलेला वाडगा ती बैठकीत फेकायची आणि थेंब सांडत नसे. 1951 साली टपरनं तिला उपाध्यक्ष केलं, दुकानांतली विक्री थांबवली आणि सगळा माल घरच्या पार्ट्यांवर सोपवला. ‘बिझनेस वीक’च्या मुखपृष्ठावर झळकलेली ती पहिली स्त्री, 1954 मध्ये. 1958 मध्ये तिला कंपनीतून काढलं. डब्यावर नाव टपरचंच राहिलं, पण त्याला घराचा उंबरठा तिनं ओलांडून दिला होता. हा अन्याय मला अजून टोचतो.

टपरचे हे डबे, म्हणजे टपरवेअर, भारतात आले 1996 मध्ये. आपल्याकडे बैठक आधीच मांडलेली होती: संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकू, अंथरलेली सतरंजी, जावा, नणंदा, शेजारणी, तिळगूळ, आणि लुटायचं वाण. वाणात कधी फणी-आरसा, मग स्टीलच्या वाट्या, मग प्लास्टिकच्या डब्या. कुठून आणलं, कितीला पडलं, ही चौकशी तिथंच व्हायची. ‘पाय वं, एक थेंबही गयत नायी’ असं जाऊ म्हणाली की जाहिरात लागत नसे.

हळदीकुंकवात मात्र यजमानीण देते. पार्टीत तिच्या ओळखीवर विक्री होते आणि भेटवस्तू तिला मिळते. शेजारणीसमोर ‘नको’ म्हणायची चोरी, म्हणून गरज नसलेला डबाही घेतला जातो. नात्याला असं कामाला जुंपणं मला आवडत नाही.

तरी एका गोष्टीत मी पार्टीच्या बाजूनं आहे. तिथं बोलावताना कुणी कपाळ पाहत नसे. विधवेनं डबे विकले, घटस्फोटितेनं विकले, चार पैसे स्वतःच्या हातात घेतले. ब्राउनी वाइज स्वतः घटस्फोटित होती, एकटीनं मुलगा वाढवत होती. आमच्या आज्यांच्या हळदीकुंकवाचं बोलावणं तिला गेलं नसतं.