उसनें बीज, आपलें पीक

डेरेक वॉलकॉट या कवीचा जन्म १९३० सालीं कॅरिबियन समुद्रांतील सेंट लुसिया बेटावर झाला. त्याच्या दोन्ही आज्या गुलामांच्या वंशांतील, तर दोन्ही आजे गोरे. त्याच्या काव्यावरून टीकाकारांत दोन तट पडले. कांहींच्या मतें, इंग्रजी छंदांत रमणारा वॉलकॉट युरोपचा अनुकारी. लोकांचा खरा कवि बार्बाडोसचा ब्रॅथवेट, कारण त्यानें आफ्रिकेचा ताल व लोकांची बोली काव्यांत आणली. १९७१ सालीं पॅट्रिशिया इस्मंड या विदुषीनें दोघांची तुलना करून, वॉलकॉटही आपल्या परीनें लोकांचाच कवि आहे, असें प्रतिपादिलें. १९९० सालच्या त्याच्या 'ओमेरॉस' काव्यांत तर होमरच्या वीरांचीं नांवें बेटावरील कोळ्यांना लाभलीं.

परंतु या वादाचें मर्म वॉलकॉटच्याच १९९२ सालच्या नोबेल व्याख्यानांत सांपडतें. त्रिनिदादच्या फेलिसिटी खेड्यांत, उसाच्या मळ्यांवर राबण्यास आणलेल्या हिंदी मजुरांचे वंशज रामलीला करीत होते. तींत वॉलकॉट प्रथम हरवलेल्या हिंदुस्थानची निस्तेज नक्कल शोधूं लागला. पण खेळणाऱ्यांच्या ठायीं होती ती जिवंत श्रद्धा. आपली चूक त्यानें जाहीरपणें कबूल केली. त्याला अनुकारी म्हणणाऱ्या टीकाकारांची चूक तरी याहून निराळी कोठें होती? उसनें बीजही नव्या भूमींत आपलेंच पीक देतें.