टाकाऊतून टिकाऊ : एका तासाचा इतिहास



स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप आला तोवर आपल्या १९९५ च्या दहावीच्या बॅचने चांगले विषय आधीच पटकावले होते. गणिताचे सर, सहल, स्नेहसंमेलन, सगळं गेलं. माझ्या वाट्याला उरला तो कार्यानुभवाचा तास. शाळेतही तो असाच उरलेला तास होता. शुक्रवारी, मधल्या सुट्टीनंतर, पोट भरलेलं आणि डोळे मिटत आलेले असताना.

आठवून बघा काय काय केलं आपण. सलाइनच्या नळीचे मासे. आइस्क्रीमच्या काड्यांचा लॅम्प. फुटक्या बांगड्यांचं तोरण, लग्नपत्रिकांची पाकिटं आणि रंगीत वायरची ती पिशवी, जिचा तळ निम्म्या वर्गाचा आईने विणून दिला होता. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं, ‘टाकाऊतून टिकाऊ’. आपण हसायचो. हा टाइमपासचा तास आहे, यावर आपलं एकमत होतं.

तीस वर्षांनी या तासाचा इतिहास शोधायला बसले आणि चकित झाले. आपण ज्याला टाइमपास म्हणत होतो, त्यामागे जवळजवळ शंभर वर्षांचा वाद आहे. हाताने केलेलं काम हे शिक्षण आहे की नाही, हा तो वाद.

सुरुवात घरापासूनच करायला हवी, कारण हा विषय शाळेत येण्याच्या कितीतरी आधी घरात होता. आपल्या आज्या टाकाऊ हा शब्द वापरत नसत, कारण टाकायचं फारसं काही नसेच. नऊवारी लुगडं विरलं की त्याची गोधडी व्हायची. जुनं सुती कापड मऊ असतं आणि थरांच्या मधे हवा अडकून राहते, म्हणून ती ऊब देते. कडेने धावदोरा घालत आत आत यायचं, म्हणजे थर सरकत नाहीत. गोधडीही फाटली की तिचं पायपुसणं. चुलीतली राख भांडी घासायला. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. हा अल्कली तेलकट भांड्यावर घासला की थोडासा साबणच तयार होतो. आजीला हे रसायनशास्त्र माहीत नव्हतं, पण तिची कढई चकचकीत होती.

हे शहाणपण आणि शाळा यांची गाठ मात्र पडत नव्हती. इंग्रजी अमलातली शाळा मुख्यतः लिहायला, वाचायला आणि कचेरीत बसायला शिकवत होती. १८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. त्यात प्राथमिक शाळेत मोडी, बालबोध आणि हिशेबाबरोबर शेतीचं आणि आरोग्याचं प्राथमिक ज्ञानही द्यावं, अशी मागणी होती. ज्यांची मुलं शाळेत यायला हवीत, त्यांच्या रोजच्या कामाला शाळेत जागा हवी, असा तिचा अर्थ मी लावते.

पुढचं पाऊल आपल्या विदर्भात पडलं. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष होते महात्मा गांधी. सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तोद्योगाच्या आधाराने, ही त्यांची कल्पना. सूतकताई हा वेगळा तास नव्हे. टकळी फिरवतानाच गणित, भूगोल, इतिहास शिकायचा. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा आराखडा केला. हीच नई तालीम, किंवा मूलोद्योग शिक्षण. यावर टीकाही झाली. मुलांनी केलेल्या मालातून शाळेचा खर्च निघावा, ही अपेक्षा अनेकांना खटकली. झाकिर हुसेन समितीनेही अहवालात इशारा दिला होता की कमाईवर भर देण्याच्या नादात शिक्षण मागे पडण्याचा धोका आहे. मला हा इशारा महत्त्वाचा वाटतो. वस्तू किती झाल्या यापेक्षा ती करताना डोक्यात काय चाललं होतं, हा खरा प्रश्न आहे.

मग आला कोठारी आयोग, १९६४ ते ६६. डॉ. दौलतसिंह कोठारी अध्यक्ष, आणि सदस्य-सचिव आपले कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. या आयोगाने सांगितलं की सामान्य असो वा व्यावसायिक, सगळ्याच शिक्षणात कामाचा अनुभव हवा. आपल्या वेळापत्रकातला ‘कार्यानुभव’ हा शब्द तिथून आला. पुढे १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्याला ‘समाजोपयोगी उत्पादक काम’ असं भारदस्त नाव दिलं. नावं बदलली, पण मूळ धागा तोच.

समित्यांच्या बाहेर काही माणसांनी हे करूनही दाखवलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला बालवाड्या चालवल्या. मॉन्टेसरीची महागडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी बिया, शिंपले, पानं, माती यांचीच साधनं केली. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुलं हाताने काम करता करता विज्ञान शिकतात. आणि अरविंद गुप्ता! आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी. १९७८ मध्ये रजा घेऊन ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. काडेपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी जोडून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घनाकृती केल्या. चौकोन दाबला की वाकतो, त्रिकोण वाकत नाही. पुलांना आणि छपरांना त्रिकोण का असतात, हे मूल दोन मिनिटांत स्वतःच्या बोटांनी शिकतं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता आपल्या शाळेत येते. आपल्या कार्यानुभवाच्या बाईंनी यातलं काय वाचलं होतं, हे मला माहीत नाही. त्यांचं नाव लिहीत नाही, तुम्ही ओळखालच. पण प्रत्येक वस्तूबरोबर त्या ‘का?’ विचारायच्या. खळ करताना मैदा आधी थंड पाण्यात का कालवायचा? थेट उकळत्यात टाकला तर बाहेरचा थर लगेच फुगतो, आत कोरडं पीठ राहतं आणि गुठळ्या होतात. खळीत चिमूटभर मोरचूद का? कीड लागू नये म्हणून. पण ते विषारी, म्हणून ती बरणी कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर, कुलपात. दिवाळीपूर्वी त्याच खळीने आपण कामट्यांचे आकाशकंदील चिकटवले. वाऱ्यात कुणाचा टिकला आणि कुणाचा नाही, यावरून बाईंनी अख्खा तास घेतला होता.

आणि एक गोष्ट, जी माझ्यासाठी सर्वांत मोठी. तेव्हा मुलींना शिवण-टिपण आणि मुलांना विजेचा बोर्ड, अशी ठरलेली वाटणी होती. आठवीत बाईंनी ती मोडली. कुणीतरी कुरकुर केली तेव्हा म्हणाल्या, “फ्यूज उडाला की अंधार फक्त मुलग्यांनाच होतो का?” मुलं पिशवी विणायला बसली आणि मुली बोर्डाशी आल्या. त्या दिवशी मी पहिल्यांदा मेन स्विच बंद करून चिनी मातीचा कट-आउट ओढून काढला आणि फ्यूजची तार बांधली. घरी वडील दोन-तीन पदरी जाड तार बांधायचे, म्हणजे सारखी उडायला नको. बाईंनी समजावलं की बारीक तारेने वितळावं म्हणूनच ती तिथे असते. ती वितळली नाही, तर भिंतीतली वायर तापते. एक लहानसा भाग मुद्दाम कच्चा ठेवायचा, म्हणजे सगळं घर वाचतं. आज सॉफ्टवेअर लिहिताना मी हेच करते. काहीतरी बिघडणारच, तेव्हा ते छोट्या जागी आणि लवकर बिघडू दे. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हे शिकले असं मला वाटायचं. खरं तर मी ते शुक्रवारच्या तासाला शिकले होते.

आता कबुली. दहावीच्या पहिल्या सत्रात एक अर्ज मुख्याध्यापकांकडे गेला होता. कार्यानुभवाला नुसती श्रेणी असते, तिचा टक्केवारीशी संबंध नाही, तरी हा तास बीजगणिताच्या सरावाला द्यावा, असा. खाली चाळीसेक सह्या होत्या. अर्ज मंजूर झाला. तुमच्यापैकी अनेकांना सही आठवत असेल, पण मजकूर कुणी लिहिला ते बहुतेक ठाऊक नसेल. ते अक्षर माझं होतं. पुढच्या शुक्रवारी बाई दारापर्यंत आल्या, फळ्यावर समीकरणं पाहिली आणि काही न बोलता परत गेल्या. मला गणितात चांगले गुण पडले. तो एक तास नसता मिळाला, तरी पडले असते.

गेल्या वर्षी आईकडे न्हाणीघरातला नळ ठिबकत होता. प्लंबर तीन दिवस ‘येतो’ म्हणत होता. मी वरचा कॉक बंद केला, नळ खोलला, झिजलेला वायसर काढला आणि जुन्या सायकलच्या ट्यूबमधून तेवढाच गोल कापून बसवला. ठिबक थांबली. आई म्हणाली, “अगं, हे कुठे शिकलीस?” मला उत्तर देता येईना. उत्तर माहीत होतं, पण सांगताना तो अर्ज आठवला.

शंभर वर्षांत नेत्यांनी, आयोगांनी आणि शिक्षकांनी हा विषय पुन्हा पुन्हा वेळापत्रकात आणला. प्रत्येक वेळी तो बाजूला सारला गेला तो आपल्यासारख्या हुशार म्हणवणाऱ्यांमुळे, गुणपत्रिकेकडे बोट दाखवून. आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांबरोबर काम शिकावं, असं म्हटलं आहे. वाचून बरं वाटलं. या वेळी तरी कुणी अर्ज लिहू नये.

स्नेहमेळाव्याच्या देणगीतून शाळेला प्रोजेक्टर द्यायचं घाटतं आहे. जरूर देऊ. माझी एवढीच सूचना आहे की त्यातून थोडी रक्कम काढून एक कपाट घेऊ. त्यात पक्कड, पेचकस, करवत, सुया-दोरे आणि एक विजेचा बोर्ड. मुलामुलींना सारखाच उघडणारा. कपाटावर बाईंचं नाव असावं.

बाई मेळाव्याला येणार आहेत असं कळलं. बाई, तो अर्ज मी लिहिला होता. प्रत्यक्ष भेटून सांगेनच, पण आधी सगळ्यांसमोर लिहून ठेवावंसं वाटलं.