गळणारं जहाज, जळणारी दोरी

आज एका भोकाची गोष्ट. जहाजाच्या मागच्या बाजूला, पाण्याखाली, मुद्दाम पाडलेलं भोक!

वाफेच्या सुरुवातीच्या जहाजांना बाजूला मोठी चाकं असायची. त्यांचा शाफ्ट पाण्याच्या वर, त्यामुळे काळजी नव्हती. मग फ्रान्सिस पेटिट स्मिथसारख्या लोकांनी मागे पंखा लावला. त्याचं 'आर्किमिडीज' जहाज १८३८ मध्ये पाण्यात उतरलं. आता इंजिन आत, पंखा बाहेर, म्हणजे शाफ्ट पाण्याखालून बाहेर काढायला हवा. आणि तो फिरता हवा, पण पाणी आत यायला नको.

त्यावर उपाय जुनाच होता. शाफ्टभोवती चरबीत भिजवलेली तागाची दोरी गुंडाळायची आणि वरून ग्लँड आवळायचा. आपल्याकडे विहिरीवरच्या पंपात ग्लँड दोरी भरतात ना, अगदी तेच.

पण इथे गंमत बघा. समजा शाफ्ट ३० सेंटिमीटर जाड आहे आणि मिनिटाला ६० फेरे घेतोय. म्हणजे सेकंदाला जवळजवळ १ मीटर धातू त्या दोरीवर घासत जातो. दिवसाला ८० किलोमीटर! ग्लँड जितका आवळाल तितकं घर्षण जास्त, तितकी उष्णता जास्त. चरबी वितळून निघून जाते, दोरी कोरडी पडते, कडक होते, करपते आणि शाफ्टलाच चरे पाडते. मग गळती आणखी वाढते. माणूस काय करतो? आणखी आवळतो.

त्यात शाफ्टला आधार देणारी पितळी बेअरिंग भराभर झिजायची. बेअरिंग झिजली की शाफ्ट खाली बसतो आणि सील एका बाजूने उघडं पडतं. १८५५ च्या अखेरीस ब्रिटिश नौदलाच्या 'रॉयल अल्बर्ट' या युद्धनौकेत शाफ्टच्या सीलमधून पाणी शिरलं. बुडू नये म्हणून ती ग्रीसमधल्या केआ बेटावर किनाऱ्याला चढवावी लागली. तोफा नाहीत, वादळ नाही, फक्त एक सील.

तोवर उत्तर सापडलेलं होतं, ते म्हणजे लाकूड. १८५४ मध्ये ग्रिनिचच्या जॉन पेन यांनी लिग्नम व्हायटीच्या पट्ट्या बसवलेल्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. कॅरिबियन भागातलं हे लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं, आणि अंगातच तेलकट राळ. दोन पट्ट्यांमधल्या फटीतून समुद्राचं पाणी खेळवायचं. तेच वंगण आणि उष्णता वाहून नेणारंही तेच. ज्या पाण्याला शत्रू मानलं, त्यालाच कामाला लावलं! पुढे शंभर वर्षांनी, १९५४ मध्ये पाण्यात उतरलेल्या 'नॉटिलस' या पहिल्या अणुपाणबुडीतही हेच लाकूड होतं.

विसाव्या शतकात मेकॅनिकल सील आलं. दोन गुळगुळीत चकत्या, एक स्थिर, एक फिरती, मध्ये केसाहूनही कितीतरी पातळ पाण्याचा थर. गळती डोळ्यांना दिसत नाही, पण थर हवाच. तो नाहीसा झाला, पंप कोरडा चालला, की चकत्या तापून थोड्याच वेळात तडकतात.

म्हणून जुने मेकॅनिक सांगतात, ग्लँडमधून थेंब पडू दे. तो निष्काळजीपणा नाही. त्या थेंबासोबत उष्णता बाहेर पडत असते. पाना हातात घेण्याआधी एकदा हात लावून बघा, ग्लँड गार आहे का?

भेटू पुढच्या भागात.