सांगड : ठाणे खाडीच्या उथळ पाण्यातील एक नौकारचना

‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार आज मराठीत मतांची, विचारांची वा तपशिलांची जुळणी करणे एवढ्याच अर्थाने वावरतो. त्यातील सांगड ही मुळात पाण्यावर तरणारी वस्तू होती, याचे भान बोलणाऱ्यास सहसा नसते. दोन होड्या, दोन ओंडके किंवा सुके भोपळे एकमेकांस बांधून केलेले तरण म्हणजे सांगड. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात हा अर्थ सापडतो. वस्तू विस्मरणात गेली व वाक्प्रचार तेवढा उरला, असे सामान्यतः मानले जाईल. नवी मुंबईच्या खाडीकाठावर मात्र निराळेच दृश्य दिसते.

शब्दाचे कुळ जुने आहे. संस्कृत ‘संघाट’ म्हणजे जोडणी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात एकसंध ओंडके जोडून केलेल्या ‘सांगारा’ नावाच्या नौका आल्या आहेत. त्याच ग्रंथात कल्याण बंदरही आहे. अर्थात सांगाराचा उल्लेख पूर्व किनाऱ्याचा आहे, कोकणचा नव्हे. त्यावरून ठाणे खाडीविषयी अनुमान काढणे घाईचे ठरेल. मलयाळममधील ‘चंगाडम’ पोर्तुगीजांनी ‘जंगाडा’ म्हणून उचलला आणि तो ब्राझीलच्या कोळ्यांच्या तराफ्यांपर्यंत पोहोचला. शब्दाने इतका प्रवास केला, कारण रचना सोपी व उपयुक्त होती.

तिची उपयुक्तता ठाणे खाडीत विशेष जाणवते. येथे उधाणाच्या दिवसांत पाण्याची पातळी चार-पाच मीटरने खालीवर होते. सुकतीला काठचा चिखल उघडा पडतो, आणि निवट्या, चिंबोऱ्या, कोळंबी नेमक्या या उथळ पट्ट्यात मिळतात. खोल बुडणारी होडी तेथे रुतते. फार अरुंद होडी पाग टाकताना कलंडते. दोन्ही अडचणींवर जोडतरणाचा उपाय चालतो. माणूस, जाळे, मासळी आणि खुद्द तरण यांचे वजन 100 किलो धरावे. दोन मीटर लांब व 30 सेंटिमीटर रुंद असे दोन ठोकळे घेतल्यास ते खाऱ्या पाण्यात जेमतेम 8 सेंटिमीटर बुडतात. हेच ठोकळे चिकटून न ठेवता मध्ये 40 सेंटिमीटरचे अंतर राखले, तर बुडणे तेवढेच राहून कलंडण्याविरुद्धचा आधार सुमारे चौपट होतो. सांगडीचे मर्म ठोकळ्यांइतकेच त्यांमधल्या रिकाम्या जागेत आहे. हे गणित कोणी मांडून दाखविले नव्हते. ते हाताला अवगत होते.

1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली, 1973 मध्ये वाशीचा पहिला खाडीपूल वाहतुकीस खुला झाला, आणि आगरी-कोळी गावांची शेते, मिठागरे व खाजणे यांवर शहर उभे राहिले. भरावाने व गाळाने कित्येक ठिकाणी काठचे पाणी आणखी उथळ झाले. लाकडी होडी महाग, तिची डागडुजी त्याहून जिकिरीची. तेव्हा कोणी आवेष्टनातला टाकाऊ थर्मोकोल गोळा केला, तो नायलॉनच्या पोत्यांत शिवला, वर बांबू आडवे बांधले, त्यांवर फळी टाकली. त्याला सरसकट ‘तराफा’ म्हणतात. परंतु जेथे असे दोन ठोकळे अंतर राखून बांधलेले असतात, तेथे रचनेच्या दृष्टीने ती सांगडच होय. थर्मोकोल झिजून त्याचे कण पाण्यात मिसळतात, हा दोष लहान नाही. भोपळ्याला तो नव्हता.

नावाचा हा प्रश्न केवळ कोशकारांचा नाही. ठाणे खाडीवरील तिसऱ्या पुलामुळे बाधित झालेल्या मच्छीमारांच्या दाव्यावर 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला व पारंपरिक मासेमारांना भरपाई देण्याचे तत्त्व मान्य केले. अशा प्रसंगी कोण कोठे मासे धरीत होता, हे दाखवावे लागते. नोंदलेल्या नौकेस क्रमांक असतो, कागद असतो. घरी बांधलेल्या तरणास दोन्ही नसतात. आणि संध्याकाळी दोर सोडून ते घराच्या भिंतीला टेकविले, की पाहणाऱ्यास थर्मोकोलचे दोन मळके ठोकळे तेवढे दिसतात.