वाडा, माग आणि गाव

वेरुळला येणारा माणूस लेणी पाहतो, घृष्णेश्वराच्या रांगेत उभा राहतो आणि परतीच्या गाडीत बसतो. देवळापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावरच्या शिवालय तीर्थाकडे फार थोडे लोक वळतात. पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेलं हे चौकोनी कुंड, आत आठ छोटी देवळं. हे बांधकाम अहिल्याबाई होळकरांचं मानलं जातं. घृष्णेश्वराचं देऊळही एकदा नव्हे, निदान दोनदा उभं करावं लागलं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस मालोजीराजे भोसल्यांनी त्याचा जीर्णोद्धार केला आणि अठराव्या शतकात मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई आणि त्यांच्या सून अहिल्याबाई यांनी. वेरुळ गाव १८१८पर्यंत होळकरांच्याच ताब्यात होतं. त्या साली ते इंग्रजांकडे गेलं आणि १८२२च्या तहानं निजामाकडे आलं.

‘जीर्णोद्धार’ हा शब्द आपण देवळांपुरताच राखून ठेवलेला आहे, हे जाता जाता नोंदवायला हरकत नाही. वाड्याची किंवा गढीची होते ती डागडुजी. देवळाचा मात्र उद्धार होतो, कारण तिथे दगड बसवून झाल्यावर पूजा सुरू व्हायची असते, दिवा लागायचा असतो, नैवेद्य शिजायचा असतो. होळकरांच्या कारभारात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असे दोन वेगळे हिशेब होते. दौलत म्हणजे राज्याचा महसूल, खासगी म्हणजे घरातल्या स्त्रियांच्या नावानं लावून दिलेलं उत्पन्न. अहिल्याबाईंचा दानधर्म मुख्यतः या खासगीतून चाले. देऊळ किंवा घाट बांधला की त्याच्या चालू खर्चाची तजवीजही लावून देत. म्हणून काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांची कामं नुसती उभी राहिली नाहीत, चालत राहिली.

हीच समज त्यांनी गावाच्या बाबतीत कशी वापरली हे बघायचं तर नर्मदेवरच्या महेश्वरला जावं लागतं. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले, १७६६ साली सासरे मल्हारराव आणि त्यानंतर वर्षभरातच मुलगा मालेराव. कारभार हाती आल्यावर अहिल्याबाईंनी इंदुरात न राहता नर्मदेकाठचा जुना किल्ला निवडला. किल्ल्यातला त्यांचा वाडा पाहिला की आपल्याकडच्या माणसाला ओळखीचं वाटतं. लाकडी खांब, मधे चौक, कुठेही डामडौल नाही. पुण्याच्या एखाद्या पेठेत तो सहज खपून गेला असता. राज्य करणाऱ्या बाईचं हे घर आहे हे सांगावं लागतं.

पण नुसता दरबार हलवून गाव वसत नाही. दरबाराबरोबर येतात ते कारकून आणि शिपाई. ते दरबार गेला की जातात. अहिल्याबाईंनी सुरत, बुऱ्हाणपूर अशा ठिकाणांहून विणकर बोलावून महेश्वरला वसवले. दरबारात येणाऱ्या पाहुण्यांना देण्यासाठी, मानपानासाठी लुगडी आणि पागोटी लागत. ती इथेच विणली जाऊ लागली, असं सांगितलं जातं. किनारीवर नक्षी कशाची, तर किल्ल्याच्या दगडांवर कोरलेल्या वेलबुट्टीची, विटांची, चटईची, नर्मदेच्या लाटांची. इमारत आणि कापड यांचं नातं इतकं जवळचं असलेली दुसरी जागा मला तरी माहीत नाही.

१३ ऑगस्ट १७९५ला अहिल्याबाई गेल्या. १८१८च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरात स्थिरावली आणि महेश्वरला उरले घाट, देवळं आणि माग. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंदुरात कापडगिरण्या निघाल्या, म्हणजे ज्या घराण्यानं माग बसवले त्याच घराण्याच्या शहरानं त्यांच्या पोटावर पाय आणला. १९४८ साली संस्थान विलीन झालं, १९७१ साली तनखे बंद झाले. किल्ल्याच्या भिंती राखायला कुणाकडे पैसा नव्हता आणि विणकरांच्या मुलांना मागावर बसण्यात अर्थ दिसत नव्हता. एका बाजूला ओस पडत चाललेली ऐतिहासिक वास्तू, दुसऱ्या बाजूला काम सुटत चाललेलं गाव. हे चित्र आपल्याकडच्या शंभर गढ्यांच्या गावांना लागू पडेल.

१९७८ साली इथे ‘रेवा सोसायटी’ सुरू झाली. शेवटचे सत्ताधारी यशवंतराव होळकर (दुसरे) यांचे चिरंजीव रिचर्ड आणि त्यांच्या पत्नी सॅली यांनी ती काढली. रेवा म्हणजे नर्मदाच. मोजके माग आणि थोड्या बायका, एवढ्यावर सुरुवात झाली. मागाच्या घरात बायकांनी कांड्या भराव्यात, सूत उकलावं आणि माग पुरुषानं चालवावा अशी जुनी वाटणी होती. इथे बायकांना मागावर बसवलं आणि मजुरी त्यांच्या हातात दिली. किल्ल्यातल्या जुन्या इमारतीत खटखट सुरू झाली. रंग पक्के केले, नऊवारी-सहावारीच्या पलीकडे ओढण्या आणि सुटं कापड आणलं, मुंबई-दिल्लीत प्रदर्शनं भरवली. पुढे विणकरांच्या मुलांसाठी शाळा निघाली. २००२ साली सॅली होळकरांनी ‘विमेनवीव्ह’ नावाची वेगळी संस्था काढली. तिनं जाड्या हातसुताच्या कापडातून, रेशमावर बसण्याचं कसब नसलेल्या बायकांनाही काम दिलं.

आणि किल्ल्यातल्या वाड्यात पाहुण्यांसाठी हॉटेल सुरू झालं ते २००० साली. म्हणजे माग आधी आणि पाहुणे बावीस वर्षांनी. महेश्वरची गोष्ट सांगताना लोक हॉटेलपासून सुरुवात करतात, कारण फोटो तिथले चांगले येतात. मला हा क्रम सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पाहुणा आला तेव्हा गावाकडे त्याला दाखवायला आणि विकायला स्वतःचं काहीतरी होतं. तो नसता आला तरी माग चालू राहिले असते.

सगळं गोड आहे असं नाही. त्या हॉटेलात राहणं महेश्वरच्या विणकराच्या खिशाला झेपणारं नाही. यंत्रमागावरची ‘महेश्वरी’ बाजारात खऱ्याच्या शेजारी लटकते आणि घेणाऱ्याला फरक कळतोच असं नाही. सिनेमावाल्यांनाही घाट सापडला आहे आणि शूटिंगच्या दिवसांत पायऱ्या कुणाच्या हा प्रश्न पडतो. तरीही संध्याकाळी गल्लीतून चालताना घराघरांतून मागाचा आवाज येतो, आणि तो संग्रहालयातल्या प्रात्यक्षिकाचा नसतो.

उलट्या क्रमाचं उदाहरण इटलीत आहे. आब्रुत्सो प्रांतातलं सांतो स्तेफानो दी सेस्सानियो हे डोंगरमाथ्यावरचं दगडी गाव. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यानं सोळाव्या शतकात ते लोकरीसाठी घेतलं होतं. मेंढपाळी संपली, माणसं परदेशी गेली, गावात शंभरेक लोक उरले. १९९९च्या सुमारास दानिएले किलग्रेन हा तरुण उद्योजक तिथे पोहोचला, त्यानं पडकी घरं विकत घेतली आणि २००५ साली ‘विखुरलेलं हॉटेल’ उघडलं. एक खोली या गल्लीत, दुसरी त्या गल्लीत. ही कल्पना इटलीत १९७६च्या फ्रिऊलीतल्या भूकंपानंतर रिकाम्या घरांचं काय करायचं यातून पुढे आली होती. किलग्रेननं भिंतींवरची चुलीची काजळीसुद्धा पुसली नाही. काम फार सुंदर झालं, पाहुणे आले, आजूबाजूला खाणावळी आणि दुकानं निघाली. २००९च्या भूकंपात गावाचा बुरूज कोसळला, तोही पुन्हा बांधला गेला. आणि २०२० साली त्याच गावाच्या नगरपालिकेनं जाहीर केलं की इथे येऊन राहणाऱ्या आणि धंदा काढणाऱ्या तरुणांना आम्ही पैसे देऊ. लोकसंख्या तेव्हा ११५ होती.

किलग्रेनला मी दोष देत नाही. त्यानं हात घातला नसता तर आज कदाचित छपरंही उरली नसती. पण मेंढ्या गेल्या होत्या, आणि मेंढ्यांच्या जागी दुसरं काही आलं नव्हतं.

हा सगळा विचार आता का, तर ६ मे २०२५ला अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीनिमित्त राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठक त्यांच्या जन्मगावी, चौंडीला झाली आणि तिथल्या स्मृतिस्थळाच्या जतन-संवर्धनासाठी ६८१ कोटींच्या आराखड्याला मान्यता मिळाली. एका खेड्यासाठी ही रक्कम अफाट आहे. इतक्या पैशात भिंती, कमानी, बगीचे, दिवे सगळं होतं. त्यातला किती वाटा चौंडीच्या शेतकऱ्याच्या आणि धनगराच्या घरात वर्षानुवर्षं जात राहील, हे अहिल्याबाईंनी आधी विचारलं असतं.

आमच्या जिल्ह्यात अजिंठा गाव आहे. लेणी नव्हे, गाव. निजामुल्मुल्क आसफजाहानं १७२७ साली इथे तटबंदी आणि सराई उभारली. बुऱ्हाणपूर-औरंगाबाद रस्त्यावरचे तांडे घाट चढून आले की इथे उतरत. १८०३ साली असईच्या लढाईतले जखमी वेलस्लीनं इथल्याच तटाआड ठेवले होते. लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करणारा रॉबर्ट गिल इथल्या बारादरीत राहिला. आज संभाजीनगरहून लेण्यांकडे निघालेली गाडी गाव ओलांडून घाट उतरते आणि फर्दापूरला पोहोचते. सराईचा प्रवासी रेल्वेनं नेला, उरलेला मोटारीनं. तिची नुसती डागडुजी केली तर आणखी एक कुलूप आणि आणखी एक निळी पाटी, एवढीच भर पडेल.

शहरात हिमरू आहे. दौलताबादला राजधानी आली तेव्हापासूनची परंपरा तिला सांगितली जाते. सुती ताणा आणि रेशमी बाणा. महेश्वरीच्या बरोबर उलट, तिथे ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा. हाती विणलेल्या हिमरूचे माग आता बोटांवर मोजण्याइतके राहिलेत, आणि लेण्यांच्या वाटेवर ‘हिमरू’ म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं यंत्रावरचं असतं. कारागीर शहरात, रिकाम्या ओवऱ्या अजिंठ्यात, आणि दोहोंच्या मधून गिऱ्हाईक रोज जातं.

अशा वास्तूत माग बसवायचा म्हटलं की पहिली हरकत पायाखालची येते. जुना माग खड्ड्याचा, आणि ऐतिहासिक वास्तूत जमीन खोदायला परवानगी मिळणं अवघड, ते योग्यही आहे. महेश्वरच्या विणकरांनी हा प्रश्न दुसऱ्याच कारणानं सोडवून ठेवला आहे. त्यांनी खड्ड्याचे जड माग सोडून जमिनीवर उभे राहणारे हलके लोखंडी माग घेतले. त्यांना खड्डा लागत नाही, आणि गरज पडली तर उचलून दुसऱ्या खोलीत नेता येतात. हिमरूची नक्षी मात्र जाळ्यावर बांधलेली असते, त्यामुळे वर उंची आणि शेजारी दुसऱ्या माणसाला बसायला जागा हवी. सराईच्या ओवरीत तेवढी जागा आहे का, हे टेप घेऊन कुणीतरी मोजायला हवं.